पासिंग कुठलं?

शिरूर किंवा दौंडला जुनी गाडी बघायला गेलं की किमतीच्या आधी विचारतात, "पासिंग कुठलं?" दोन्ही तालुके शेजारी, मध्ये भीमा. पण शिरूरची गाडी पुण्याच्या एमएच-१२ची, दौंडची बारामतीच्या एमएच-४२ची. नदी ओलांडली की पाटी बदलते.

या पाटीमागचं नोंदणीचं पुस्तक म्हणजे आरसी बुक. ते मालकीचा कागद, असं आपण धरून चालतो. त्याचं मूळ मात्र मालकीत नाही. कुणाची बैलगाडी कुठली, हे गावाला ठाऊक असायचं. मोटार मात्र परगावी कुणाला उडवून धुरळ्यात नाहीशी होऊ शकत होती. म्हणून पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये गाडीवर पाटी लावायला सांगितली. ब्रिटनमध्ये १९०३च्या कायद्याने नोंदवह्या काउंटी कौन्सिलांकडे दिल्या. आपल्याकडे देशभराचा कायदा १९१४ला आला, मग १९३९चा. म्हणजे वही होती ती गाडी सापडावी म्हणून.

सध्याचा कायदा १९८८चा, लागू झाला १ जुलै १९८९पासून. तेव्हा 'एम'पासून सुरू होणारी तीन अक्षरी मालिका जाऊन 'एमएच' आलं. कलम ४१ने नोंदणी प्रमाणपत्र देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक केलं. नाकारायचं असेल तर कलम ४५प्रमाणे कारणं लेखी द्यावी लागतात, त्यावर अपीलही करता येतं. खिडकीवरून नुसतं "होत नाही" ऐकून परतणाऱ्याला हे कलम कुणी सांगत नाही.

अमेरिकेत मालकीचा 'टायटल' कागद वेगळा आणि नोंदणी वेगळी; काही राज्यांत तो काउंटीच्या कचेरीतून मिळतो. आपल्याकडे तसा वेगळा कागद नाही. गाडीची विक्री चालते १९३०च्या मालविक्री कायद्याने. पुस्तकात नाव लागण्याआधीही मालकी हस्तांतरित होऊ शकते. सातबाऱ्यासारखंच हे. त्यावरची नोंदही उलट सिद्ध होईपर्यंतच खरी मानतात. तरी लोक पुस्तकाला मालकी म्हणतात ते अगदीच चूक नाही, कारण मोटार कायद्यात 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी तो.

त्याची झळ २०१८मध्ये दिसली. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात गाडी विकली गेली होती, पुढे आणखी हात बदलले होते, आणि मग अपघात झाला. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई त्याच्यावरच ठेवली.

कायदा सांगतो, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवावं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. आता पुस्तकाचं कार्ड झालंय, नव्या गाडीचा अर्ज शोरूमवालाच करतो. जुन्या गाडीचं मात्र तसंच. पैसे मोजून होतात, चहा येतो, विकणारा नाव बदलायच्या टीटी फॉर्मवर सह्या करतो आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवतो. घेणारा फॉर्मची घडी घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो. त्यालाही वर्षभरात गाडी विकायचीच असते.