सुभक्तीचे रहस्य आणि गावकुसाबाहेरची माणसे

कल्याणच्या महाविद्यालयात इतिहास शिकवताना एक वाक्य मला दरवर्षी उच्चारावे लागते. इसवी सनाच्या सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवले की, ‘कलियाना’ येथे ख्रिस्ती धर्माचा बिशप असून त्याची नेमणूक इराणातून होते. बरेच अभ्यासक हे कलियाना म्हणजे आपले कल्याणच मानतात. मुलांना गंमत वाटते आणि तास पुढे सरकतो. यंदा मात्र मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, मग ते ख्रिस्ती गेले कुठे?” विचारणारा स्वतः ख्रिस्ती. आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेले. मूळ घर महारवाड्यातले.

त्याला तासात दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून हा लेख.

कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना दाने दिली. दात्यांची नावे, त्यांचे धंदे, त्यांचे गाव हे सारे ब्राह्मी अक्षरांत दगडावर आहे. सोनार आहे, लोहार आहे. धम्म येथल्या कारागिराच्या आणि वाण्याच्या घरात शिरला होता याचा हा पुरावा. बिशपच्या कल्याणाने असे काही मागे ठेवले नाही. इराणी चर्चची उपासना सुरयानी भाषेत चाले, धर्माधिकारी समुद्रापलीकडून येई. माझ्या मते ती श्रद्धा व्यापारी पेठेच्या आतच राहिली. पेठेबाहेर राबणाऱ्या माणसाला ती कुणी वाटली नाही. सुमारे पावणेआठशे वर्षांनी, १३२१ साली, शेजारच्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यानंतर तेथे आलेल्या ओडोरिकने ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे असल्याचे नोंदवले आहे. पंधरा घरे!

बायबलात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘सुभक्तीचे रहस्य’ असा शब्दप्रयोग येतो. त्याचा गाभा असा की, देव देहात प्रकट झाला आणि ही गोष्ट राष्ट्राराष्ट्रांत गाजवली गेली. म्हणजे रहस्य असूनही ते लपवायचे नाही, सांगायचे आहे. युरोपातील धर्मपंडितांनी या देहधारणेवर ग्रंथांच्या राशी रचल्या. आपल्याकडे मात्र देह हा तत्त्वज्ञानाचा विषय कधीच नव्हता. ज्या देशात एका माणसाची सावलीसुद्धा दुसऱ्याला बाटवीत होती, तेथे देवाने देह घेतला, तोही सुताराच्या घरी, असे सांगणे म्हणजे काय? सुतार म्हणजे बलुतेदार. हे आपल्या माणसाला समजावून द्यावे लागत नाही.

या शिकवणीची खरी परीक्षा झाली ती तेव्हाच्या अहमदनगरात. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झाले आणि १८३१ साली नगरला पोहोचले. १८३९ साली हरिपंत खिस्ती या ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. पुढे या मिशनच्या मंडळीत आलेले बहुसंख्य लोक महार होते. प्रभुभोजनात भाकर एक आणि पेला एक. त्या एका पेल्याला ब्राह्मणाचे आणि महाराचे ओठ लागणे ही त्या काळी केवढी गोष्ट होती, याची कल्पना आज शहरात वाढलेल्या वाचकाला येणार नाही. गावात त्याच महाराला पाणवठ्यावर घागर बुडवता येत नव्हती. १८५४ साली खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. येथे एक नमूद केले पाहिजे. मंडळी महारांची, पण पहिले पाळक ब्राह्मण! पंगत एक झाली तरी वाढपी कोण, हा प्रश्न उरलाच.

तरीही या कामाचे मोल नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. नगरची सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, हे सर्वश्रुत आहे. जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने, म्हणजे मिशनच्याच पत्राने छापला. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. आम्हांला धर्मग्रंथ पाहण्याचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल होता. श्रद्धा वाटायला निघालेल्या प्रत्येकाला आधी या सवालाला उत्तर द्यावे लागते.

नारायण वामन टिळकांनी तसा प्रयत्न केला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही तेथे जागा होती. १९१९ साली ते वारले आणि दरबार मागे पडला. लक्ष्मीबाईंनी सोवळेओवळे कसे सोडले ते ‘स्मृतिचित्रे’त वाचावे, पतीच्या कवितेपेक्षा मला ते अधिक धर्ममय वाटते.

पुढे बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा सर्वच धर्मांचे लोक दारात उभे राहिले. गांधीजींना हे रुचले नाही. १९३६ साली जॉन मॉट यांच्याशी बोलताना त्यांनी विचारले की, तुम्ही गाईला सुवार्ता सांगाल काय? काही अस्पृश्यांची समज गाईहूनही कमी आहे, असेही ते म्हणाले. ज्याला रहस्य सांगायचे त्याला ते कळणारच नाही, हे आधीच ठरवून टाकलेले! येथे ऐकण्याचा अधिकारच नाकारला आहे. शंबूकाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे.

परंतु बाबासाहेब मिशनऱ्यांनाही सोडत नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचे आपल्याला आकर्षण वाटते असे सांगितले आणि त्याच भाषणात दक्षिणेतील चर्चमधल्या जातिभेदावर बोट ठेवले. त्यांच्या निधनानंतर १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात तर मर्मावरच घाव आहे. धर्मांतरिताला शिकवले गेले की त्याच्या अधोगतीचे कारण त्याचे पाप आहे. त्याच्या भोवतालची व्यवस्था नव्हे. पापाची कबुली देऊन वेठबिगार संपत नाही. देव देहात आला असेल, तर त्या देहाच्या मजुरीचा आणि पाण्याचा हिशेबही श्रद्धेतच यायला हवा होता.

हिशेब सरकारने मात्र ठेवला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली मिळाला. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. २०२२ साली या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली. त्यांचे चुलतभाऊ नगरच्या मंडळीत राहिले. भाऊबंदकी एक, वाडा एक, गावाने दिलेली शिवी एक. दाखले मात्र दोन. त्या काकांचा नातू दाखल्यासाठी एका कचेरीत गेला, तेव्हा कारकुनाने त्याला विचारले, “ख्रिस्ती झालात ना, मग जात कशाला हवी?” जात त्याला नकोच होती. गावाने ती परत घेतली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग घेऊन कान्हेरीला गेलो. तो विद्यार्थी एका दानलेखापुढे बराच वेळ उभा होता. यात कल्याण कुठे आहे, असे त्याने विचारले. मी त्याला एकेक अक्षर दाखवले. त्याने ती अक्षरे वहीत उतरवून घेतली आणि पुढच्या लेण्याकडे निघाला.