अभिलेखीय दस्तऐवजातील डिजिटल स्वाक्षरी
इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजावर सही कोणाची आणि नंतर मजकूर बदलला का, हे ताडून पाहण्याचे साधन. मजकुराच्या हॅशवर (मजकुरातून गणिताने काढलेल्या लहान ठशावर) खासगी कळीने स्वाक्षरी होते. पुढे एक स्वल्पविराम हलला तरी पडताळणी फसते. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने तिला मान्यता दिली. महाराष्ट्रातील डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हे तिचे परिचित रूप.

खरी अडचण काळाची. सही करणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत एक ते तीन वर्षे, अभिलेख मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपायचा. म्हणून विश्वसनीय कालमुद्रा, प्रमाणपत्रांची साखळी आणि ती प्रमाणपत्रे रद्द झाली नव्हती याचा तत्कालीन पुरावा फाइलमध्येच साठवतात. अल्गोरिदम कमकुवत होण्याआधी नवी कालमुद्रा चढवतात. फाइलचे स्वरूप बदलले की जुनी स्वाक्षरी जुळत नाही, त्यामुळे मूळ फाइल आणि रूपांतरापूर्वीच्या पडताळणीची नोंद, दोन्ही अभिलेखागाराला राखाव्या लागतात.