शिलेवरील अक्षर आणि पडद्यावरील पान

अक्षर लिहिणे ही एक विद्या, आणि लिहिलेली अक्षरे वाचकाच्या सोयीने पानावर मांडणे ही दुसरी. पहिलीचा गौरव आपण पुष्कळ केला. दुसरीकडे मात्र कारागिरांचे काम म्हणून पाहण्याचीच सवय आपणांस जडली. आज शाळा-महाविद्यालयांतील मुलेमुली आपल्या वार्षिक अंकासाठी संगणकावर पाने रचण्याचे आणि छायाचित्रे दुरुस्त करण्याचे शिक्षण घेत आहेत. त्यांचे साधन नवे आहे, परंतु विद्या जुनी आहे. आणि तिचा एक उत्तम धडा माळव्यात, धार नगरीत दगडावर कोरलेला आढळतो.

भोजशाळा–कमाल मौला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत परमारकालीन दोन नागबंध आहेत. त्या वास्तूविषयीचा वाद न्यायालयांपुढे गेलेला आहे. त्याच्याशी प्रस्तुत लेखास कर्तव्य नाही. नागबंध म्हणजे सर्पाच्या वेटोळ्यांत बसविलेले व्याकरण. एकात वर्णमाला व नामांचे प्रत्यय, तर दुसऱ्यात क्रियापदांचे प्रत्यय. उज्जैनच्या महाकाल मंदिरातही असा नागबंध आहे. पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीस आधार मिळावा, असाच या रचनेचा हेतू दिसतो. विषय रूक्ष असला तरी त्यास आकृती दिली म्हणजे तो स्मरणात राहतो, हे त्या अज्ञात कारागिराने पुरते ओळखले होते.

याच वास्तूत १९०३ साली धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले यांना एक मोठी शिला सापडली. परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन याने रचलेल्या ‘पारिजातमंजरी’ या नाटिकेचे दोन अंक तिच्यावर कोरलेले होते. शिलेवरून कागदावर शाईचे ठसे घेण्यात आले आणि त्यांवरून हुल्ट्श या जर्मन पंडिताने नाटिका संपादून प्रसिद्ध केली. नाटिका चार अंकांची. उरलेले दोन अंक आपल्या हाती आले नाहीत. ज्या आधारावर अक्षर टिकते, तो गेला म्हणजे ग्रंथही जातो.

धारच्या पश्चिमेस राजगडजवळ मोहनखेडा हे जैन तीर्थ आहे. आचार्य राजेंद्रसूरी १९०६ मध्ये राजगड येथे कालवश झाले व मोहनखेड्यास त्यांचा अंत्यसंस्कार झाला. त्यांचा ‘अभिधान राजेंद्र’ हा प्राकृत शब्दांचा संस्कृत विवरणासह सात भागांचा कोश त्यांच्या पश्चात रतलाम येथे छापला गेला. एकाच लिपीत मूळ शब्द, विवरण आणि उतारे एकापाठोपाठ येत असता कोणते काय हे वाचकास सांगणार कोण? मांडणीच. कोशकाराच्या पांडित्याइतकीच छापखान्यातील जुळाऱ्याची सावधानता अशा ग्रंथास लागते.

आपल्या गोमंतकाचा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. १५५६ साली गोव्यात मुद्रणयंत्र आले. परंतु थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत, आणि त्यांचा कोंकणी प्रश्नोत्तरग्रंथ १६२२ मध्ये निघाला तोही रोमन लिपीतच. नागरी खिळे तेथे उपलब्ध नव्हते. भाषा आपली, पण साधन आपल्या अक्षरांसाठी घडलेले नव्हते. मुंबईत १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग काढले आणि पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागराने नागरी खिळ्यांस देखणेपण आणले, तेव्हा कुठे ही उणीव भरून निघाली.

संगणकाच्या युगात हाच इतिहास पुन्हा घडला. पाने रचण्याचे ‘पेजमेकर’ १९८५ मध्ये आले. थॉमस व जॉन नोल या बंधूंचे ‘फोटोशॉप’ १९९० मध्ये. दोन्ही प्रथम रोमन अक्षरांच्या जगासाठी झाली. तेव्हा आपल्याकडे अशी युक्ती निघाली की, यंत्राच्या समजुतीने अक्षर इंग्रजीच राहावे, पण पडद्यावर रूप नागरी दिसावे. छपाई सुबक झाली. परंतु तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच पाने उघडली की, निरर्थक इंग्रजी अक्षरांची रास दिसते. अशा रीतीने रचलेल्या अनेक मंदिर-स्मरणिका व महाविद्यालयीन अंक कागदावर वाचता येतात, पण त्यांच्या संगणकीय प्रतींत एक नावही शोधता येत नाही. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतात प्रत्येक नागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून विद्यार्थ्याने पहिला नियम हा पाळावा: मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा.

दुसरा नियम मापाचा. चांगल्या छपाईस इंचाला सुमारे ३०० ठिपके लागतात. म्हणजे १८०० × १२०० ठिपक्यांचे चित्र ६ × ४ इंचांपर्यंतच नीट छापेल. पडद्यावर ते मोठे व स्वच्छ दिसते, त्यावर भुलू नये. ‘गिम्प’ व ‘स्क्रायबस’ ही साधने विनामूल्य मिळतात. तेव्हा द्रव्याची सबब येथे चालणार नाही.

तिसरा नियम सत्याचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. चित्रावर थर चढविता येतात, तसे त्यातील वस्तू पुसताही येते. उजेड वाढविणे, वाकडे चित्र सरळ करणे हे संस्कार होत. परंतु जुन्या सभामंडपाच्या छायाचित्रातून एखादा खांब वगळणे किंवा झिजलेल्या शिलालेखात तर्काने अक्षर भरणे, हे पुराव्याशी छेडछाड करणे होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये संगणकीय नोंद न्यायालयात मांडताना प्रमाणपत्र लागते. फाईलीत यत्किंचित बदल झाला तरी उघड व्हावा, म्हणून तीत फाईलीचा संगणकाने काढलेला ओळखअंकही नमूद करावा लागतो. वार्षिक अंकास असले बंधन नाही. तथापि मूळ चित्र निराळे जपून ठेवावे आणि केलेला फेरफार चित्राखाली सांगावा, एवढे तरी संपादक विद्यार्थ्याने करावेच. आजचा अंक हा उद्याच्या इतिहासकाराचा कागद आहे.

लेले यांच्या हाती जी शिला आली, तिच्यावरील अक्षरे शतके लोटल्यावरही वाचता आली, म्हणूनच मदन कवीची अर्धी कृती आपणांस लाभली. पुढील पिढीस आपली अक्षरे वाचता यावीत आणि चित्रांवर विश्वास ठेवता यावा, इतके साधले म्हणजे पान मांडण्याची ही विद्या सार्थकी लागली असे समजावे.