अनवाणी घोडा

गोंदियाजवळच्या मुर्री गावात, लग्नसराईच्या दिवसांत, आम्ही एका शिक्षक मित्राकडे मुक्कामाला होतो. संध्याकाळी वरात निघाली आणि ऐन डांबरी रस्त्यावर नवरदेवाच्या घोडीचा नाल निखळून पडला. घोडी लंगडू लागली. मालकाने तिला रस्त्याखाली फुफाट्यात उतरवले, तेव्हा ती पुन्हा नीट पाऊल टाकू लागली. मित्राची नववीतली मुलगी हे पाहत होती. तिने विचारले, "रानातल्या घोड्यांना नाल कोण ठोकतं?" आम्ही सांगितले, "त्यांच्यावर कोणी बसत नाही." उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. पूर्ण उत्तर शोधताना आम्हाला जवळजवळ अडीच हजार वर्षे मागे जावे लागले.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात खुरांविषयी बरेच काही आहे, पण नालेचा उल्लेख नाही. तबेल्याची जमीन ओली आणि गुळगुळीत असेल तर चांगले खूरही बिघडतात, असे त्याने बजावले आहे. उपाय म्हणून अंगणात मुठीएवढे गोल गोटे पसरावेत आणि खरारा करताना घोड्याला त्यांवर उभे करावे, म्हणजे खूर आपोआप घट्ट होतात, असे तो सांगतो. ज्या सैन्याला नाल ठाऊक नव्हता, त्याला खूर कणखर करण्याची विद्या ठाऊक असणे भागच होते.

रोमन लोक गरजेनुसार खुराला धातूची वहाण बांधत. खिळ्यांनी ठोकलेल्या नालेचा स्पष्ट लेखी पुरावा इ.स. 900च्या सुमाराचा आहे. बायझंटाईन सम्राट सहावा लिओ याच्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात चंद्रकोरीच्या आकाराचे लोखंड आणि त्याचे खिळे यांचा उल्लेख येतो. पुढच्या काही शतकांत नाल युरोपभर रूढ झाला. ओल्या हवेत आणि मलमूत्राने भिजलेल्या तबेल्यात खूर मऊ पडतात. त्यातच दगडी रस्ते आणि चिलखती स्वाराचे ओझे. खूर झिजून घोडा बसकण मारण्यापेक्षा लोखंड झिजलेले परवडले, असा तो हिशेब होता.

आपल्याकडे याचा पुरावा भाषेतच सापडतो. 'नाल' हा शब्द अरबी असून त्या भाषेत त्याचा अर्थ वहाण असाही होतो. मराठेशाहीत 'नालबंदी' याचा अर्थ केवळ नाल ठोकणे एवढाच नव्हता. मोहिमेवर निघण्यापूर्वी शिलेदाराला घोडा आणि सरंजाम सिद्ध करण्यासाठी सरकारातून जी आगाऊ रक्कम मिळे, तिलाही नालबंदी म्हणत. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. तो लंगडा झाला तर पोटापाण्याचे साधनच गेले. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या घाटवाटांवर दररोज मैलोगणती चालणाऱ्या तट्टाला नाल ही चैन नव्हती.

मग नालेविरुद्ध तक्रार आली कोठून? ती आली एका पशुवैद्याकडून. ब्रेसी क्लार्क (1771–1860) हा लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी एक. त्याने एका तरुण घोडीच्या पुढच्या खुराचा, तो नाल ठोकण्यापूर्वीचा, साचा घेतला. पुढे नाल वापरात असताना काही वर्षे तो पुन्हा पुन्हा साचे घेत राहिला. रुंद, गोलसर खूर हळूहळू अरुंद होत गेलेला त्याला दिसला. त्याने 1809 मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे असे, की खूर हा लाकडाचा ठोकळा नव्हे. वजन पडले की तो टाचेकडे किंचित फाकतो आणि पाय उचलला की मिटतो. खिळ्यांनी ठोकलेली न वाकणारी कडी ही हालचाल अडवते. पुढच्या बाजूला बिजागरी असलेला नालही त्याने करून पाहिला. गंमत अशी, की त्याचा समकालीन पशुवैद्य विल्यम मूरक्रॉफ्ट याने यंत्राने नाल तयार करण्याचे पेटंट घेतले होते. हाच मूरक्रॉफ्ट 1808 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बिहारमधील पुसा येथील अश्वपैदास केंद्राचा प्रमुख म्हणून भारतात आला.

क्लार्कच्या प्रयोगातली उणीव शिक्षकांच्या लगेच लक्षात येईल. एका घोडीवरून सर्व घोड्यांचा नियम सांगता येत नाही. शिवाय खुराच्या आकारावर वय, आहार, तबेला आणि व्यायाम यांचाही परिणाम होतो. पण खूर फाकतो हे त्याचे निरीक्षण टिकले. खुराच्या तळाशी, टाचेकडून पुढे निमुळती होत जाणारी रबरासारखी लवचीक पाचर असते. तिच्या वर तंतुमय ऊतींची गादी आणि दोन्ही बाजूंना कूर्चा असतात. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाचे रॉबर्ट बाउकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये अशी कल्पना मांडली, की पाऊल टेकताना या भागातील बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून रक्त ढकलले जाते आणि त्यात आघाताची ऊर्जा जिरते. लोखंडी नालेमुळे कठीण जमिनीवरील आघाताची कंपने पायात अधिक पोचतात, हे मोजमापांतूनही दिसले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खुराचे गणित जमाखर्चाचे आहे. आपले नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते. घोड्याचा खूर 8 ते 10 मिलिमीटर. ही झाली जमा. चालताना होणारी झीज हा खर्च. रानातला घोडा दिवसभर चालत चरतो, त्यामुळे जमा आणि खर्च यांचा मेळ बसतो. स्वार, ओझे आणि डांबर आले की खर्च वाढतो आणि नाल लागतो. नाल ठोकला की खर्च जवळजवळ शून्यावर येतो आणि खूर वाढतच राहतो; म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर कापावा लागतो.

याच हिशेबातून कळते, की नालेची सवय असलेला घोडा एका दिवसात अनवाणी का होऊ शकत नाही. नाल काढल्यावर खिळ्यांच्या भोकांपाशी खुराचे टवके उडतात, म्हणून कडा कानशीने गोल करतात. नवे शिंग वरून, केसांच्या रेषेपासून खाली येते. भोके असलेला भाग पूर्ण निघून जायला नऊ महिने ते वर्ष लागते. तोवर तळवा जाड होत जातो. घोड्याला आधी मऊ जमिनीवर, मग थोडा थोडा वेळ खडबडीत जमिनीवर चालवतात. गरज पडल्यास काढता-घालता येणारे रबरी बूट वापरतात. धान्याचा खुराक बेताचाच ठेवतात, कारण पिष्ट आणि साखर जास्त झाली तर खुराच्या आतील थरांचा दाह होऊन घोडा कायमचा अधू होऊ शकतो. झेनोफनच्या गोट्यांमागे हेच तत्त्व होते.

जेमी जॅक्सन या अमेरिकन नालबंदाने 1980च्या दशकात तिथल्या रानटी घोड्यांच्या खुरांचा अभ्यास करून 1992 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे ह्यूस्टन शहराच्या पोलीस दलाने आपले घोडे विनानालेचे केले. शहरातल्या कठीण रस्त्यांवरही हे जमते, असे त्यांचा अनुभव सांगतो. पण त्या घोड्यांची निगा राखायला पगारी माणसे आहेत, हे विसरू नये.

आपल्याकडे माथेरानचा घोडेवाला वर्षभर घोडा विश्रांतीला ठेवू शकत नाही. तिथे खासगी मोटारी दस्तुरी नाक्याशीच थांबतात. त्यापुढे लाल मातीच्या वाटांवर नालेचा घोडा पिढ्यान्पिढ्या चालला. त्या वाटांवर भाजलेल्या मातीचे पेव्हर ब्लॉक बसवले जाऊ लागले, तेव्हा घोडे घसरतात, अशी तक्रार घोडेवाल्यांनी केली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लोखंड मातीत रुतते, गुळगुळीत फरशीवर मात्र सरकते. म्हणजे नाल चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या जमिनीवर, कोणत्या कामासाठी आणि घोड्याला सवय व्हायला किती अवधी देऊन, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. मुलांनी नखाच्या मुळाशी शाईने बारीक खूण करावी, ती पुसट झाली की त्याच जागी गिरवावी आणि महिन्याने ती किती पुढे सरकली हे मोजावे. मग गावात नालबंद असेल तर त्याला शाळेत बोलवावे. बैलाच्या एका पायाला दोन नाल का लागतात, कोणत्या बैलाला ते मुळीच ठोकत नाहीत, हे त्याच्याकडून ऐकावे. बांधीत राबणारा बैल आणि डांबरावर गाडी ओढणारा बैल यांच्या खुरांची तुलना करावी. मुर्रीच्या त्या मुलीला आम्ही पुढे पत्राने एवढेच कळवले: रानातल्या घोड्याला नाल लागत नाही, कारण तो जेवढे झिजवतो तेवढेच कमावतो. आपण त्याचा खर्च वाढवला, म्हणून हिशेबाची जबाबदारीही आपलीच.