१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी विषम नैसर्गिक संख्या. नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा वर्ग. डावीकडून वाचा की उजवीकडून, अंक तेच. जुन्या स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी, म्हणजे परार्धाच्या एक घर अलीकडे पडतो. लाख-कोटींचे स्वल्पविराम दिले (१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१) की तिचा डौल झाकला जातो, म्हणून येथे ती सलग लिहिली आहे.

अंकांची ही चढउतार चमत्कार म्हणून सांगितली जाते. खरे तर गुणाकारात कुठेही हातचा येत नाही, एवढेच तिचे कारण. पाटीवर गुणाकार मांडला तर १११११११११ ही ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहावी लागते. अगदी कडेच्या स्तंभात एकच १ येतो, शेजारच्या स्तंभात दोन, असे करत मधल्या स्तंभात नऊ. तेथून पुन्हा उतरण. दहा एकांचा वर्ग करू गेल्यास मधल्या स्तंभाची बेरीज १० होते आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ नाहीसा! सोळा पायाच्या अंकपद्धतीत मात्र हा क्रम पंधरा एकांपर्यंत टिकतो. म्हणजे ही शोभा संख्येची कमी, लेखनपद्धतीची अधिक.

तिची विभाज्यता अधिक लक्षणीय आहे. १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७; त्यामुळे तिच्या वर्गाचे मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७² आणि एकूण विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, आणि ३⁴ म्हणजेही ८१. तेव्हा ही संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, हा १२३४५६७९ चा वर्ग. अशा संख्यांना द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ असे नाव दिले. १, १२१, १२३२१… या मालिकेच्या पहिल्या नऊ पदांत हर्षद तीनच: १, १२३२१ आणि प्रस्तुत संख्या. न एकांच्या वर्गातील अंकांची बेरीज न² असते. म्हणून न एकांच्या संख्येला न ने भाग जायला हवा, आणि नऊपर्यंत तो १, ३ व ९ यांनाच जातो.

शेवटचे नऊ अंक तोडून उरलेल्या अंकांत मिळवले, तर १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. मूळ संख्या ९९९९९९९९९ × १२३४५६७९ अशीही मांडता येते, त्याचाच हा परिणाम.

अशा गुणाकारांची आवड भारतात जुनी आहे. नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात १२३४५६७९ × ९ = १११११११११ आणि २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ ही उदाहरणे आढळतात; दुसऱ्याचे उत्तर सहा एकांचा वर्ग आहे. विसाव्या शतकात कापरेकरांनी (१९०५–१९८६), देवळालीला शाळेत शिकवत असताना, या वर्गांचा समावेश ‘डेम्लो संख्या’ या व्यापक कुळात केला. हे नाव जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावरून आले. या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना तेथेच सुचली होती.