ऐकायला शिकताना

संपादकांचे पत्र आले आणि मला एक जुनी कॅसेट आठवली. १९८८ साली मी बेळगावातील एका दवाखान्यात समाजसेविका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. माहेर बैलहोंगलकडचे आणि सासर खानापूर भागातले, अशी एक बाई दर बुधवारी माझ्याकडे येई. बोलणे सासरच्या मराठीत. प्रशिक्षणाचा भाग म्हणून, तिला विचारूनच, आमचे एक संभाषण टेप केले. संध्याकाळी ते ऐकायला बसले आणि कानकोंडी झाले. निम्म्याहून अधिक वेळ मीच बोलत होते! मध्येच तिला रडू फुटले आणि ती माहेरच्या कानडीत म्हणाली, ‘एन माडली री?’ काय करू हो मी? त्यावर मी मराठीत सकस आहाराविषयी सांगत सुटले होते. पुढच्या बुधवारी ती आली नाही.

स्वतःचे बोलणे ऐकून शिकण्याची ही रीत कुठली, हे मी पुढे वाचून काढले. अमेरिकेत पूर्वी शिकाऊ समुपदेशक भेट संपल्यावर आठवून टिपण लिही आणि ते गुरूला दाखवी. आठवणीतून लिहिताना माणूस स्वतःला सांभाळून घेतोच. १९४० साली कार्ल रॉजर्स ओहायो स्टेट विद्यापीठात आले. त्यांनी खोलीत मायक्रोफोन ठेवला आणि संभाषण तबकड्यांवर उतरवायला सुरुवात केली. तबकडी काही मिनिटांतच भरे, की लगेच दुसरी लावायची. १९४२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एका माणसाच्या आठही भेटी शब्दशः छापल्या. या तबकड्यांनी अनेकांचे पितळ उघडे पाडले. आपण नुसते ऐकतो असे समजणारे प्रत्यक्षात सल्ले देत होते, उलटतपासणी घेत होते. महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी समुपदेशक हवे होते. तेव्हा १९४६ मध्ये शिकागोत रॉजर्स यांच्याकडेच अल्प मुदतीचे वर्ग सोपवण्यात आले.

पुढची पायरी व्हिडिओची. १९६० च्या दशकात कोलोरॅडोत ॲलन आयव्ही यांनी ‘ऐकणे’ सुटे करून पाहिले: नजर, आवाज, बसण्याची ढब, समोरच्याच्या विषयाला धरून राहणे. एका वेळी एकच गोष्ट शिकायची, चित्रफितीवर स्वतःला पाहायचे आणि पुन्हा करायचे. त्यांच्या कचेरीतील सेक्रेटरीलाही थोड्याच शिकवणीने हे साधले, तेव्हा हे काम पदवीधरांपुरतेच नाही हे लक्षात आले. मला ही पद्धत थोडी यांत्रिक वाटते. आमच्या भागातली सून वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालूनच बोलते. तिच्या डोळ्यांत डोळे घालून बसलो तर ती गप्पच होईल. नजरेची रीत समाजागणिक वेगळी असते, हे आयव्हींनीही पुढे मान्य केले.

आपल्याकडे समाजकार्याचे रीतसर शिक्षण १९३६ साली मुंबईत, नागपाड्यात सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा संस्थेपासूनचे. तिथून शिकून आलेली माणसे आमच्यासारख्या जिल्ह्यांत मोजकीच.

म्हणून गोव्यातील काम मला मोलाचे वाटते. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना तिथे सुमारे दोन महिने शिकवून दवाखान्यांत बसवले. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी दवाखाने निवडून त्यांपैकी निम्म्या ठिकाणी हे समुपदेशक दिले. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत समुपदेशक मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे ६६ बरे झाले होते. न मिळालेल्यांत सुमारे ४३. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

त्यानंतरच्या कार्यक्रमात रॉजर्सची ती जुनी युक्ती पुन्हा दिसते. समुपदेशक एकत्र बसत, एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि ठरावीक तक्त्यावर गुण देत. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असत. पुढे बैठक सहकारीच चालवत. कोकणी, मराठी, हिंदी, ज्याला जी भाषा येते तिच्यात भेटी होत.

ते वाचताना वाटले, त्या बैठकीत माझी कॅसेट लावली असती तर कोणीतरी पहिल्यांदा हेच विचारले असते: बाई, तिने भाषा बदलली तेव्हा तुम्ही काय केलेत?