पीडितशास्त्र आणि स्त्रियांवरील हिंसा

गुन्हा कोणाच्या वाट्याला येतो आणि का, याचा अभ्यास करणारी गुन्हेशास्त्राची शाखा म्हणजे पीडितशास्त्र. बेंजामिन मेंडेलसोन आणि हान्स फॉन हेंटिग हे तिचे आद्य अभ्यासक. दोषाची वाटणी या शास्त्रात पहिल्यापासूनच होती. मेंडेलसोन यांनी तर निर्दोष ते पूर्ण दोषी अशी पीडितांची प्रतवारीच लावली.

मार्विन वुल्फगँग यांनी १९५८ मध्ये फिलाडेल्फियातील खुनांवरून ‘पीडितप्रवर्तित गुन्हा’ ही कल्पना मांडली : आधी हात उगारणाराच मारला गेला, तर तो खून या सदरात. व्याख्या निदान नेमकी होती. मेनाकेम अमिर यांनी १९७१ मध्ये ती बलात्काराला लावली आणि नेमकेपणा संपला. बाईने दारू घेतली होती का, तिची ख्याती कशी, हेही मोजले गेले. फिलाडेल्फियातील सुमारे १९ टक्के बलात्कार ‘पीडितप्रवर्तित’ ठरले. स्त्रीवादी अभ्यासकांनी यावर कडाडून टीका केली.

पुढे लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये ‘नित्यव्यवहार सिद्धांत’ मांडला. गुन्ह्याला उद्युक्त माणूस आणि सोयीचे सावज एकत्र आले, रखवाली करणारे कोणी नसले, की गुन्हा घडतो. घरफोडीला हे चपखल लागू पडते. पण रखवालदारच गुन्हेगार असेल तर?

१९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद होती. आरोपी पोलीस होते आणि तिचे नातेवाईक बाहेर थांबले होते. सत्र न्यायालयाने तिला संभोगाची सवय असल्याचे सांगत आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली : भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून १९७८ मध्ये त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. यासाठी अमिर यांचे पुस्तक वाचण्याची गरज नव्हती. तोच तर्क कोर्टात आधीपासून मुरलेला होता.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आंदोलने उभी राहिली. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नाकारली, तर ती नव्हतीच असे गृहीत धरणे न्यायालयाला बंधनकारक झाले. फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारे साक्षीपुराव्याच्या कायद्यातील कलम मात्र २००३ पर्यंत टिकले.

घरातील हिंसेपुढेही हे सिद्धांत लंगडे पडतात, कारण तिथे सावज, गुन्हेगार आणि रखवालदार एकाच छपराखाली राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा कधी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला घर सोडायला लावण्याऐवजी सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला.